पेयं आपण आणायची

मंगळवार, ५ नोव्हेंबर

आज दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी माझं घर मला न विचारता ताब्यात घेण्यात आलं. वेळ पक्की आहे. कँटीनच्या भिंतीवरचं घड्याळ मी स्वतः पाहिलं.

हॉस्पिटलच्या निवृत्त कर्मचाऱ्यांची महिन्याची बैठक. मी फक्त रक्तदाब मोजून घ्यायला शेजारच्या खोलीत गेले होते. परत येते तो काय — ठरलं! वार्षिक पार्टी माझ्याकडे. कुणी ठरवलं? दोन नंबरने. टेलिफोनच्या बोर्डावर आम्ही तिघी बसायचो आणि नोकरीला लागलो त्या क्रमाने आमची नावं पडली. मी एक नंबर, ती दोन नंबर. ती नावाला जागते.

म्हणाली, तुझी बैठकीची खोली मोठी आहे, आणि तू एकटीच तर असतेस. एकटी? माझी नणंद मागच्या खोलीत राहते आणि ती एकटीच चार जणांना पुरून उरते! मग म्हणाली, पिण्याबिण्याचं काय ते तूच बघ आणि सगळ्यांना कळव. त्यावर लॅबवाला, जन्मभर लोकांचं रक्त काढण्याची सवय असलेला, कपात बघत बोलला, "बाईंकडे काय बघायचंय? पाणी चांगलं येतं त्यांच्याकडे."

सगळे हसले. मीही हसले. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शाळेत शिकवलं होतं, अपमान झाला की पाठ ताठ करून हसायचं. पाठ अजून दुखते आहे.

मी पीत नाही ह्यात काही तत्त्व नाही. लग्नानंतर एकदा चाखली. खोकल्याचं औषध त्यापेक्षा बरं लागतं. बस. पण लोकांना वाटतं मी मनातल्या मनात त्यांचे घोट मोजत असते. (कधी कधी मोजते.)

रागाचं खरं कारण वेगळंच आहे, आणि ते मी बैठकीत सांगू शकत नव्हते. ते कारण म्हणजे तीन नंबर.

बुधवार, ६ नोव्हेंबर

काल अर्धवट राहिलं.

तीन नंबर आमच्यातली सगळ्यात लहान. माझ्या डाव्या खांद्याला तिचा उजवा खांदा लागायचा, इतक्या जवळ खुर्च्या. नवरा गेल्यावर ती प्यायला लागली. आधी सगळ्यांबरोबर, मग सगळ्यांच्या आधी, मग सगळे घरी गेल्यावरही. उन्हाळ्यात एकदा जिन्यात पडली. तेव्हापासून बंद. उपचार चालू आहेत. हे फक्त मला माहीत आहे आणि मी कुणाला सांगणार नाही असा शब्द दिलाय. बोर्डावर बसून आम्ही अख्ख्या हॉस्पिटलची लफडी ऐकली, एक शब्द बाहेर काढला नाही. हा तर घरचा मामला.

तेव्हापासून ती बैठकीला येत नाही. गुडघे दुखतात म्हणते. गुडघे ठणठणीत आहेत. बाजारातून येताना माझ्यापुढे असते.

आता माझ्याच घरी पार्टी. माझ्याकडेही आली नाही तर मग कुठेच येणार नाही. ही माझी भीती. आणि आली, आणि कुणीतरी प्रेमाने हातात ग्लास दिला तर? ही दुसरी.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

तिला फोन केला. म्हटलं, माझ्या घरात दारू येणारच नाही असं कळवून टाकते. माझं घर, माझा नियम. कुणाला काय वाटायचं ते वाटो.

ती म्हणाली, "माझ्यामुळे काही बंद करू नकोस. लोक विचारतील का बंद, आणि दोन नंबर उत्तर शोधल्याशिवाय झोपायची नाही."

खरं आहे. दोन नंबरने एकदा फोनवरच्या नुसत्या खोकल्यावरून नवीन डॉक्टर कुठे राहतो ते ओळखलं होतं.

येशील का म्हटलं तर "बघू" म्हणाली. ह्या शब्दाची मला चीड आहे. पण "नाही" म्हणाली नाही, हेही खरं. तेवढ्यावर आजचा दिवस बरा गेला.

शनिवार, ९ नोव्हेंबर

वन्संशी मसलत. त्यांना तीन नंबरचं सांगितलं नाही, फक्त विचारलं — न पिणाऱ्या बाईने पिणाऱ्यांना घरी बोलावलं तर काय काय द्यायचं? त्या रोज जेवताना पेलाभर लाल वाइन घेतात. सत्तरी ओलांडल्यावर डॉक्टरांनी सांगितली म्हणे. कुठल्या डॉक्टरांनी ते आजतागायत कळलेलं नाही.

त्यांनी चष्मा पुसला, मांडी घातली आणि सुरू झाल्या. म्हणाल्या, दारू तू आणू नकोस. तुला त्यातलं कळत नाही, भलतंच काहीतरी आणशील आणि लोक तोंडावर चांगलं म्हणून मागे हसतील. ज्याची त्याने आणावी. तू बाकीचं बघ. बर्फ भरपूर, कारण बर्फ नेहमी कमी पडतो. सोडा. बाटली उघडायचं यंत्र, नाहीतर मागच्या वेळी तुझ्या भावाने स्क्रू ड्रायव्हर घातला होता. पोटात आधी काहीतरी जड गेलं पाहिजे, ते लोक आल्या आल्या पुढे ठेव, शेवटी नाही. खारे शेंगदाणे. आणि घरी कोण कसं जाणार ते आधीच ठरव.

मग थांबून म्हणाल्या, "आणि हे बघ बाईसाहेब, जो पीत नाही त्याच्यापुढे नुसतं पाणी नको. त्याला वाटतं आपण शिक्षा भोगतोय."

हे त्या सहज बोलल्या. मी मात्र तो विचार दिवसभर धरून बसले. सगळे विचार करतात पिणाऱ्यांचा. न पिणाऱ्याच्या हातात काय असावं, याचा कुणी करत नाही. मी स्वतः इतकी वर्षं पार्ट्यांना कोपऱ्यात पाण्याचा पेला धरून उभी राहिले, आणि कोण ना कोण यायचंच — "हे काय, काहीच घेत नाही?" मला त्याचं काही नाही. पण तीन नंबरला तो प्रश्न सुरीसारखा लागेल.

म्हणून ठरवलं. सगळ्यांना एकसारखे ग्लास. उंच, जाड, एकाच घडणीचे. त्यात सगळ्यांना लिंबाची चकती आणि बर्फ. कुणाच्या ग्लासात काय आहे ते देवालाही वाकून बघावं लागेल!

संध्याकाळी ग्रुपवर निमंत्रण टाकलं. "शनिवार दि. १६ रोजी सायंकाळी सात वाजता माझ्या घरी जमावे. पेयं आपण आणायची. जेवण तयार असेल." थोडक्यात आणि स्वच्छ.

सोमवार, ११ नोव्हेंबर

सगळ्यांचे अंगठे आले. तीन नंबरचा नाही.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

ग्लास मिळाले. वरच्या मजल्यावरच्या शिंप्याच्या बायकोने मुलीच्या लग्नाला घेतलेले, खोक्यातून अजून काढलेही नव्हते. मी मागायच्या आधीच म्हणाली, फुटले तर फुटले. अशी माणसं ह्या जिन्यात राहतात आणि मी वर्षानुवर्षं त्यांच्या शिवणयंत्राच्या आवाजाबद्दल कुरकुर करत आले.

ॲम्ब्युलन्सवाल्यालाही फोन केला. निवृत्त झाला तरी आम्ही त्याला तेच म्हणतो. पार्टीनंतर सगळ्यांना घरी सोडशील का म्हटलं. म्हणाला, "ताई, जन्मभर आडव्या लोकांना नेलं, आता बसलेल्यांना नेतो." त्याने स्वतःपुरतं पहिल्या तासाभरात काय ते आटपायचं आणि मग फक्त जेवायचं, असं ठरलं. हा माणूस एकदाही "बघू" म्हणत नाही.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

आल्याचं सरबत करून पाहिलं. आलं किसून, साखर, लिंबू, थोडी मिरपूड, वरून सोडा. पहिली खेप वन्संना दिली. त्यांनी एक घोट घेतला, खुर्चीचा हात धरला आणि म्हणाल्या, "ह्याला परवाना लागेल."

दुसऱ्या खेपेला आलं कमी केलं. मग वाटलं, कशाला? घसा जाळत नाही त्याला लोक पेय समजत नाहीत. पुन्हा वाढवलं. आणखी एक जग काळ्या चहाचा, गार, संत्र्याच्या सालीसकट. रंग असा सुंदर आलाय की पाहणाऱ्याने गैरसमज करून घ्यावा. करून घ्यावाच.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

तीन नंबरचा फोन. येते म्हणाली. गुडघ्यांचं विचारलं नाही.

शनिवार, १६ नोव्हेंबर

दुपार. बर्फ आला. इतका आला की न्हाणीघराच्या टबात ठेवलाय. कोंबडी शिजतेय. वन्सं आत्तापासून लिपस्टिक लावून बसल्यात.

रविवार, १७ नोव्हेंबर

लिहायला बसले तर हातांना अजून आल्याचा वास येतोय.

सगळे वेळेवर आले. आमच्या लोकांची ती सवय आहे, पाळी बदलायची वेळ कधी चुकली नाही. एक जण फुलं घेऊन, एक जण केक घेऊन. तीन नंबर निळ्या स्वेटरमध्ये, खांद्याला तिची मोठी पिशवी, केस नीट विंचरलेले, चेहरा परीक्षेला आल्यासारखा. मी तिला दारातच आत ओढली आणि स्वयंपाकघराजवळची खुर्ची दिली, म्हणजे केव्हाही माझ्याकडे येता यावं.

टेबल असं लावलं होतं की सिस्टरांनी शंभरपैकी शंभर दिले असते. ग्लास रांगेत. बर्फाची बादली. सोडा, लिंबाच्या चकत्या, उघडायचं यंत्र, खारे शेंगदाणे, उकडलेली अंडी, बटाटे. सगळे टेबलाभोवती जमले. अंडी खाल्ली, शेंगदाणे खाल्ले. हात चोळले. एकमेकांकडे पाहिलं.

दोन नंबर म्हणाली, "बाटल्या कुठायत?"

म्हटलं, मला काय माहीत? तुम्ही आणल्यात ना?

"आम्ही? तूच तर लिहिलंस, आपण आणायची."

"मग? आपण म्हणजे तुम्ही!"

"आपण म्हणजे तू," दोन नंबर म्हणाली. "तू राणीसारखी स्वतःला आपण म्हणतेस असं मला वाटलं. तुला शोभतंय."

लॅबवाला म्हणाला, त्याला वाटलं आपण म्हणजे आपण सगळे, आणि सगळ्यांचं नेहमी दोन नंबरच करते, म्हणून तो निवांत होता. बाकीच्यांचंही तेच. प्रत्येकाच्या मते कुणीतरी दुसरंच आणणार होतं.

मी खुर्चीत बसलेच. बोर्डावर आम्हाला शिस्त होती — सर्जन असो की धोबी, "तुम्ही" म्हणायचं नाही. आपण कोण बोलता? आपण थोडं थांबावं. नोकरी सुटली पण जिभेचं वळण सुटलं नाही. तीन शब्दांचं वाक्य लिहिलं आणि त्याचे तीन अर्थ निघाले! वर इतकी वर्षं मी दोन नंबरच्या शुद्धलेखनाला हसत आले.

बाकीचे हसायला लागले होते, लॅबवाला मात्र हसत नव्हता. म्हणाला, बाईंनी हे ठरवून केलंय, आपल्याला सुधारायला. मला असा संताप आला! मी ठरवून काही करायचं म्हटलं तर ते व्याकरणशुद्ध केलं असतं, असं त्याला सांगितलं.

तेवढ्यात ॲम्ब्युलन्सवाला उठला. त्याला प्रश्न सोडवायला आवडतात. म्हणाला, दुकान उघडं असेल, पटकन आणतो. दारात बसून एक बूट चढवला आणि तिथूनच विचारत सुटला, कुणाला काय, कुणाला काय. लॅबवाल्याने सांगितलं. दोन नंबरने सांगितलं, बर्फाकडे बघत. विचारणं रांगेने पुढे सरकत होतं आणि रांगेच्या टोकाला निळा स्वेटर होता. मी काहीतरी मध्येच बोलायला तोंड उघडलं. जन्मभर दुसऱ्यांची लाइन तोडली, जोडली. काल ही एक तोडता आली नाही.

"आणि तुझी नेहमीचीच ना?" त्याने विचारलं. अगदी मायेने. त्याला तिच्या बाटलीचा प्रकारही लक्षात होता, आकारही.

तीन नंबर म्हणाली, "नको. मी सोडलीय."

मग कुणी विचारलं नसतानाही म्हणाली, "सोडायला लागली. गुडघे बिडघे काही नाही. जिन्यात पडले होते मी."

मी दोन नंबरकडे पाहिलं. आता ही विचारणार — कधीपासून, किती, कुणी बघितलं. मी तिच्यासाठी एक जळजळीत वाक्य तयार करून ठेवलं.

ॲम्ब्युलन्सवाल्याने पायातला बूट काढला. नीट जोडीला ठेवला. म्हणाला, "बरं झालं. मला तो जिना परत चढायचा नव्हताच." उन्हाळ्यात तिला उचलायला हाच गेला होता तर; पडल्याचं त्याला ठाऊक होतं, सोडल्याचं नाही.

आणि दोन नंबर उठली. सरळ टेबलाशी गेली, आल्याचा जग उचलला आणि पहिला ग्लास तीन नंबरला न देता स्वतःसाठी भरला. लॅबवाल्याचा भरला. त्याला नको होता तरी भरला. मग ओळीने सगळ्यांचे, आणि त्याच ओळीत, त्याच हाताने, तीन नंबरचा. प्रश्न एकही नाही. मी तयार ठेवलेलं वाक्य गिळलं. आल्यापेक्षा ते जास्त झोंबलं.

लॅबवाल्याने मोठा घोट घेतला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. शेवटी म्हणाला, "बाई, तुमच्याकडे पाणी खरंच चांगलं येतं." आणि ग्लास पुढे केला — अजून.

मग जी मजा झाली! दोन्ही जग दोनदा भरले. तीन नंबरने तो किस्सा सांगितला, मुख्य डॉक्टरांचा फोन मी चुकून धोबीखान्याला जोडला आणि दोघं पाच मिनिटं चादरींच्या संख्येवर भांडले. तिने दोघांचे आवाज काढले. मी तिला उन्हाळ्यापासून हसताना पाहिलं नव्हतं. शेवटी सगळ्यांनी भांडी आवरायला मदत केली आणि ॲम्ब्युलन्सवाल्याने सगळ्यांना पोचवलं, सगळे बसलेले.

देवाचे आभार मानायला मला फारसं आवडत नाही, त्याला लगेच वाटतं आपलं काम झालं. पण काल मानले. दोन नंबरचेही मानले, मनातल्या मनात, तिला कळलं तर डोक्यावर बसेल. शिंप्याच्या बायकोचे तर जिन्यात तोंडाने मानले. एक ग्लास फुटला. ती म्हणाली, चला, मुहूर्त झाला.

आत्ता ग्लास पुसताना वन्सं म्हणतात, माझ्या कपाटात दीड बाटली होती की, मला कुणी विचारलंच नाही. मी फडकं फेकून मारलं.

सोमवार, १८ नोव्हेंबर

सकाळी न्हाणीघरातल्या टॉवेलांच्या फडताळात, अगदी मागे, एक बाटली सापडली. भरलेली. सील तसंच. वन्संना जाब विचारला. त्यांनी डोळ्यांशी धरून पाहिली आणि म्हणाल्या, ही माझी नाही. माझी लाल असते.

तीन नंबरला फोन लावला. तिने नाही म्हटलं नाही. म्हणाली, "तुझं 'आपण' फक्त मला बरोबर कळलं होतं. म्हणून आणली. इतरांनी काढल्या असत्या तर मीही काढली असती, एक." सोडलीय म्हणाली तेव्हा ती पिशवीतच होती. नंतर हात धुवायला गेली आणि ठेवून आली. घरी परत नेण्याची तिला खात्री वाटेना.

म्हणजे इतरांनी माझं वाक्य बरोबर वाचलं असतं तर!

बाटली मोरीत ओतली. नंतर तिच्या दाराखालून चिठ्ठी सरकवून आले. पुन्हा असं वाटेल तेव्हा वेळकाळ न बघता आधी मला फोन करायचा, मग दुकानाकडे बघायचं. कबूल आहे की नाही, ते लेखी कळवावं. शनिवार, २३ नोव्हेंबर, दुपारी बारापर्यंत. फोनवरचं उत्तर चालणार नाही. फोनवर काहीही गोड बोलायचं, हेच तर आम्हाला शिकवलेलं.